फसफसताई आणि बारा संडास

थोरलीला घरी बोलवायचं म्हणजे लोक आधी मोरीतल्या बाटल्या लपवत. चहा घेई, सगळ्यांची विचारपूस करी, आणि मग "जरा हात धुऊन येते" म्हणून जी आत जाई, ती दोन बाटल्यांच्या मानगुटी धरूनच बाहेर येई, मांजरानं उंदीर आणून पुढ्यात टाकावा तशी.

"हे काय आहे? मागचं वाचलंय कधी? 'डोळ्यांत गेल्यास ताबडतोब डॉक्टरकडे जा' असं लिहिलंय. आणि पोरं आंघोळ करतात तिथं हे ठेवता?"

चहा निवून जाई. घरातली बाई नवऱ्याकडे बघे, नवरा छताकडे. थोरलीला वाटे, किती प्रभाव पडला! आज ती स्वतःच सांगते की प्रभाव वगैरे काही नव्हता, लोक फक्त ही बया कधी उठते याची वाट बघत होते.

पोटापाण्याचा तिचा धंदा शिवणाचा. नवीन कपडे नव्हेत. शिवलेले कपडे आत घेणं, सैल करणं, पँटींचे पाय कापणं, चेन बदलणं. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, मशीनखाली कातरणाचं पोतं, आणि पोत्याला टेकून बाटल्यांची रांग. शाळा तिची लवकर सुटली होती. रसायनशास्त्र ती बाटल्यांच्या पाठीवरून शिकली, तेही भिंग लावून, कारण कंपन्या महत्त्वाचं तेवढंच बारीक छापतात. एका दुकानदारानं तिला एकदा विचारलं होतं, "ताई, घ्यायचंय की वाचायचंय?" त्यावर ती दुकानातच पाऊण तास बोलली होती. पुढं तो दुकानदार ती दिसली की जेवायला जाई, मग सकाळचे दहा का वाजले असेनात.

हे वेड तिला लागलं ते धाकटीमुळं. धाकटी म्हणजे तिची जाऊ. दोघींचे संसार एकाच घरात, वरखाली. मोरी मात्र एकच. धाकटीचा नवरा ट्रकवर, दोन महिन्यांतून एकदा दिसायचा. धाकटी मुलींच्या वसतिगृहात सफाईला होती. तीन मजले, मजल्यावर चार, एकूण बारा संडास. चौदा वर्षं. बोलायला कमी, कामाला वाघ.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी धाकटीनं एका भांड्यात अ‍ॅसिड ओतलं, डाग हटेना म्हणून त्यावर ब्लीचिंग पावडर टाकली आणि वास बाहेर जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं. एकानं निघत नाही तर दोन्ही घालू, दुप्पट निघेल, असा तिचा साधा हिशेब. मुलींनी तिला ओढून बाहेर काढलं तेव्हा ती निळी पडली होती. दवाखान्यात चार दिवस नळी. डॉक्टर म्हणाले, हे दोन एकत्र आले की विषारी वायू होतो. वाचली हे नशीब, पण छाती आता कायमची नाजूक झाली, अ‍ॅसिडच्या नुसत्या वासानंसुद्धा धाप लागेल.

थोरली त्या चार दिवसांत दवाखान्याच्या बाकावरून हलली नाही. आणि धाकटी बोलू लागल्याबरोबर तिनं पहिलं वाक्य काय म्हणावं? "अक्कल काय गहाण टाकली होतीस? दोन औषधं कुणी एकत्र करतं का?"

हे वाक्य तिनं पुढं आठवडाभर, रोज, वेगवेगळ्या चालीत म्हटलं. धाकटी उशीवर पडून ऐकून घ्यायची.

घरी आल्यावर थोरलीनं सगळ्या बाटल्या हद्दपार केल्या. मग मोरी घासायची कशानं? शोधता शोधता तिला मोबाइलवर एक बाई दिसली. खायच्या सोड्यावर व्हिनेगर ओतत होती. थोरलीनं लगेच वाटी घेतली, सोडा घातला, वर व्हिनेगर ओतलं.

फस्स्स्!

पांढरा फेस वाटीबाहेर आला, ओट्यावरून वाहिला, खाली ठिबकला. थोरलीच्या अंगावर काटा आला. "बघ! बघ कसं लढतंय!" ती ओरडली. "मळ जाणार नाही तर काय करेल बिचारा?"

धाकटी पाटावर बसून भाजी निवडत होती. तिनं मान वर केली, फेस बसेपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "छान दिसतंय." आणि पुन्हा भाजीत मान घातली. थोरलीला ती शाबासकी वाटली.

मग कार्यक्रम सुरू झाले. आधी शेजारणींसमोर, मग गल्लीत, मग बायकांच्या बैठकांत. काचेचं उंच भांडं, तळाशी सोडा, मागं काळं कापड. काळ्यावर फेस उठून दिसतो हा शिवणकामातला अनुभव. आधी अर्धा तास विषारी बाटल्यांवर आग पाखडायची, मग आवाज खाली आणायचा, "आणि आता बघा, आपल्या स्वयंपाकघरातली ताकद," म्हणून ओतायचं. फस्स! बायका टाळ्या वाजवायच्या, लहान मुलं "परत, परत" करायची. तिचं नाव फसफसताई पडलं. तोंडावर तिला कुणी तसं म्हणत नसे, पण तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

एकदा तर तिनं मिश्रण आधीच करून बाटलीत भरलं, बूच घट्ट लावलं आणि मशीनपाशी ठेवलं. बूच उडालं ते छताला लागून तिच्या नवऱ्याच्या ताटात पडलं. नवरा बिचारा शांत माणूस. त्यानं बूच उचलून बाजूला ठेवलं आणि विचारलं, "हे सुरक्षित आहे ना?"

"ताकद आहे त्यात!" थोरली म्हणाली. छताला त्याचा ठसा अजून आहे.

वसतिगृहात यंदा नवा व्यवस्थापक आला. हा माणूस सगळं नाकानं तपासायचा. दारात उभा राहायचा, डोळे मिटायचा, एक लांब श्वास घ्यायचा. नाकाला झोंबलं तर स्वच्छ, न झोंबलं तर बोंब. त्याच्या लक्षात आलं की धाकटीनं कोठारातून तीन वर्षं अ‍ॅसिड उचललेलंच नाही. ती साबण आणि ब्रशवर भागवत होती. फरशा, बेसिनं आरशासारखी, पण तिथलं पाणी जड. संडासांच्या भांड्यांत पिवळे-तपकिरी थर चढले होते. त्यानं तिला बोलावून सांगितलं, एक तारखेपासून अ‍ॅसिड वापरायचं, नाहीतर माणूस बदलावा लागेल.

धाकटीनं हे घरी सांगितलं तेव्हा ती भाकरीला उलथणं लावत होती. आवाज नाही, रडणं नाही. "अ‍ॅसिड मला जमणार नाही. दुसरीकडे गेले तरी तिथं अ‍ॅसिडच. बघू."

थोरलीचं डोकं सटकलं. दुसऱ्या दिवशी धाकटीला न सांगता ती वसतिगृहाच्या कचेरीत हजर.

"तुम्ही कोण?" व्यवस्थापकानं विचारलं.

"मी तिची जाऊ. तुम्ही माणसं मारायला बसलायत काय इथं?"

"बाई, हळू बोला. मुलींच्या परीक्षा आहेत."

"माझा आवाज असाच आहे! बिनाअ‍ॅसिडचे संडास चकाचक होतात. मी शेकडो बायकांना करून दाखवलंय."

"दाखवलं असेल. इथले डाग दिसतायत ना मला."

"दोन आठवडे द्या. बाराच्या बारा संडास. एकाही भांड्यात डाग राहिला तर..."

इथं कुणीतरी तिच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता. पण कचेरीत दुसरं कुणी नव्हतं.

"...तर धाकटी स्वतःहून राजीनामा देईल! आणि शेवटच्या दिवशी मी तुमच्या सगळ्या मुलींसमोर प्रयोग करून दाखवीन. लावा फलक!"

व्यवस्थापकानं खरंच फलक लावला. धाकटीला सगळं कळलं ते दुसऱ्या दिवशी, त्या फलकावरून. संध्याकाळी घरी येऊन तिनं चपला काढल्या, थोरलीच्या मशीनसमोर उभी राहिली.

"माझी नोकरी तू कुणाला विचारून पणाला लावलीस?"

"अगं, तुझ्यासाठी भांडले मी!"

"भांडलीस खरी," धाकटी म्हणाली आणि वर निघून गेली. जिन्यात दोनदा थांबून खोकली.

थोरलीनं स्वतःला समजावलं की मोठ्या कामांत घरच्यांचे गैरसमज व्हायचेच. आणि रात्रीचं जेवण तिला नेहमीपेक्षा कमी गेलं, त्याचा दोष तिनं भाजीतल्या मिठाला दिला.

पहिला आठवडा तिनं सेनापतीसारखा गाजवला. सकाळी शिवण बंद ठेवून ती धाकटीबरोबर वसतिगृहात जायची. एका पिशवीत सोडा, दुसरीत व्हिनेगर. भांड्यात सोडा टाकायचा, वर व्हिनेगर, फस्स, लगेच ब्रश. बारा वेळा. संडासाच्या दारात उभं राहून ती सूचना द्यायची, "घास, आता घास, फेस आहे तोवर घास!" आत धाकटी वाकून घासत असायची. मुली हातात टॉवेल घेऊन खोळंबलेल्या असायच्या.

डाग मात्र ढिम्म. तिसऱ्या दिवशी थोरलीनं सोडा दुप्पट केला. फेस दुप्पट झाला. पाचव्या दिवशी चौपट. एका मुलीनं मोबाइलवर त्याचं चित्रण केलं. डाग आपले जिथल्या तिथं, फेसाखालून वर येऊन बघत असल्यासारखे.

"नेट लावून घासत नाहीस तू," थोरली म्हणाली.

धाकटीनं ब्रश तिच्यापुढं धरला. "घे."

थोरलीनं घासलं. दहा मिनिटांत तिची कंबर धरली, चष्मा भांड्यात पडता पडता वाचला. डागाचा कण हलला नाही. ती म्हणाली, "व्हिनेगर भेसळीचं असणार." आणि दुकानदाराशी जाऊन भांडली. तो जेवायला जायच्या आत.

आठव्या दिवशी ती दुसऱ्या मजल्यावर तिसऱ्या संडासात डोकावली आणि थबकली. भांडं पांढरं होतं. दुधासारखं. आदल्या दिवशी तिथं चांगला जाड थर होता.

तिच्या मनात पहिला विचार काय यावा? आनंद? छे. "अ‍ॅसिड ओतलंस!" ती किंचाळली. "माझ्या पाठीमागं अ‍ॅसिड ओतलंस! तीन वर्षं मी गावभर सांगत फिरतेय, आणि माझ्या घरातली बाई..."

धाकटी बादली घेऊन येत होती. तिनं बादली खाली ठेवली. पाणी हिंदकळून थोरलीच्या पायावर आलं.

"नाक आहे ना? वास घे."

थोरलीनं वास घेतला. लोणच्याच्या बरणीसारखा वास. व्हिनेगर.

"अ‍ॅसिड ओतलं असतं तर मी इथं उभी असते का?" धाकटीचा आवाज चढला होता. चौदा वर्षांत त्या इमारतीनं तो आवाज ऐकला नसेल. "काल सोडा संपला. तू चौपट घालायला लावलास म्हणून संपला. मग मी संध्याकाळी भांड्यातलं पाणी उपसलं, फडकी व्हिनेगरमध्ये बुडवली, डागावर थापली आणि घरी आले. सकाळी फडकी काढली, ब्रश मारला. निघालं."

"नुसत्या व्हिनेगरनं?"

"नुसत्या. त्याला वेळ लागतो. त्याला डाग खाऊ द्यावा लागतो. तू वरून सोडा टाकतेस आणि त्याचं तोंड बांधतेस. दोघं एकमेकांशीच भांडून मोकळे होतात, डाग बसलाय मजा बघत."

"हे... हे तुला कधी कळलं?"

"पक्कं आज. संशय पहिल्या वाटीपासून."

"मग तीन वर्षं बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस का?" धाकटीनं ब्रशची मूठ कमरेवर टेकवली. "तीन वर्षं तू लोकांना सांगतेस संडास कसे धुवायचे. घरात बारा संडास रोज धुणारी बाई बसलीय. एकदा तरी म्हणालीस, काय गं, तुझं काय म्हणणं? मी दोन औषधं एकत्र केली तेव्हा आठवडाभर माझी अक्कल काढलीस. तू वेगळं काय केलंस? माझ्यानं धूर निघाला, तुझ्यानं फेस."

मुली दारांतून बघत होत्या. एकीनं टूथब्रश तोंडातच ठेवला होता.

थोरली घरी आली, दार लावलं, वाटीत सोडा घेतला, व्हिनेगर ओतलं, फेस बसू दिला. मग खाली राहिलेल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. ओतण्याआधी नुसतं व्हिनेगर चाखलं होतं तेव्हा दात आंबले होते. या पाण्यात आंबटपणाचा मागमूस नव्हता. नुसतं मचूळ, खारट पाणी.

तीन वर्षं ती काळं कापड लावून, आवाज खाली आणून, लोकांच्या मोऱ्यांत खारट पाणी ओतत होती. आणि टाळ्या घेत होती! तिला आधी राग आला, मोबाइलमधल्या बाईचा. मग दुकानदाराचा. मग नवऱ्याचा, कारण तो समोर होता. सगळ्यांवर रागावून झाल्यावर एकच माणूस उरला, आणि तो आरशात होता. तिथं मात्र तिला हसू फुटलं, असलं की नवरा घाबरून पाणी घेऊन आला.

उरलेले सहा दिवस सूत्रं धाकटीकडं गेली. तिनं व्हिनेगरऐवजी लिंबाचं सत्त्व आणायला सांगितलं. साखरेसारखे दाणे, कोमट पाण्यात विरघळतात, वास नाही आणि जोर व्हिनेगरपेक्षा जास्त. सोडा घालायचा तो वेगळा, वेगळ्या दिवशी, बेसिनं घासायला. ब्लीचिंग पावडरीचा डबा तिनं खालच्या कपाटात कुलपात ठेवला आणि थोरलीला बजावलं, "हे सत्त्व आणि ते, दोन्हींची कधी गाठ पडू द्यायची नाही."

"मला माहितीय!" थोरली फणकारली. मग हळूच म्हणाली, "बरं."

फडकी कमी पडायला लागली तेव्हा मशीनखालचं पोतं कामाला आलं. लोकांच्या पँटींचे कापलेले पाय, ब्लाउजच्या बाह्या, पडद्यांच्या कडा. संध्याकाळी दोघी जावा रबरी हातमोजे घालून ओल्या चिंध्या भांड्यांत थापायच्या. एका भांड्यात कुणा साहेबाच्या सुटाचा निळा तुकडा, एका भांड्यात नवरीच्या पोलक्याची जर. थोरली थापताना बडबडायची, धाकटी फक्त म्हणायची, "वरच्या कडेखाली. तिथं लपतो तो. नाही, अजून आत." पहिल्यांदा थोरलीला कळलं की कडेखाली अशी काही जागा असते. बाटल्यांच्या पाठीवर ते लिहिलेलं नव्हतं.

रोज दोन-तीन भांडी उजळत गेली. तेराव्या दिवशी अकरा संडास पांढरे होते. बारावा, तळमजल्याच्या टोकाचा, मात्र हटेना. चार वेळा चिंध्या लावल्या. थर निघाला, खाली तपकिरी ठिपके राहिले ते राहिलेच.

धाकटीनं नखानं खरवडून पाहिलं, बराच वेळ बोट फिरवलं आणि उठली.

"निघेल ना?" थोरलीनं विचारलं.

"नाही."

चौदाव्या दिवशी दुपारी व्यवस्थापक वहीबिही घेऊन निघाला. मागं चाळीस-एक मुली, प्रयोग बघायला आलेल्या. वरचा मजला झाला. त्यानं प्रत्येक दारात डोळे मिटून श्वास घेतला आणि दर वेळी कपाळाला आठी.

"वासच नाही."

"घाण नाही म्हणून वास नाही," थोरली म्हणाली. धाकटीनं तिला कोपरानं ढोसलं.

"दिसायला ठीक आहे," त्यानं नाइलाजानं कबूल केलं. मधला मजला झाला. तळमजला. एक, दोन, तीन. मग टोकाचा. तो वाकला, सरळ झाला आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला.

"हा काय?"

त्यानं हातातली वही भांड्यावर रोखली.

"डाग आहे हा. शब्द काय होता? एकाही भांड्यात डाग राहिला तर. बरोबर ना, ताई?" मग मुलींकडं बघून हसला. "का अजून प्रयोग बाकी आहे? मारा की तुमचा तो फेस. आम्हीही बघू."

मुलींनी मोबाइल वर केले. "फेस! फेस!" मागून कुणीतरी ओरडलं.

थोरलीच्या पिशवीत सोडा होता, व्हिनेगरही होतं. सवयीनं आणलं होतं. एकावर दुसरं ओतायचं, फस्स, आरडाओरडा, टाळ्या. तेवढ्यात विषय बदलता येईल, अजून आठ दिवस मागता येतील. माणसं फेसाला भुलतात हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? ती स्वतःच तीन वर्षं भुलली होती. तिचा हात पिशवीत गेलाही. मग तिनं शेजारी पाहिलं. धाकटी तिच्याकडं बघत नव्हती. ती भांड्याकडं बघत होती, जसं माणूस चौदा वर्षं राहिलेल्या घराकडं सामान बांधल्यावर बघतं.

थोरलीनं हात रिकामाच बाहेर काढला.

"फेसानं काही होत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"मोठ्यानं बोलू? नेहमी हळू बोला म्हणता." तिनं पिशवी खाली ठेवली. "फेसानं काही होत नाही! ती नुसती गंमत आहे. मी तीन वर्षं लोकांना गंमत दाखवली आणि सफाई म्हणून सांगितली. मला ठाऊक नव्हतं, पण मी विचारलंही नाही. ही अकरा भांडी हिनं काढलीत, हिच्या डोक्यानं. मी नुसत्या चिंध्या पुरवल्या."

मोबाइल हळूहळू खाली आले.

"ते ठीक आहे," व्यवस्थापक म्हणाला. "पण शब्द?"

"शब्द माझा होता, नोकरी तिची. दुसऱ्याची वस्तू पणाला लावायला मी कोण?" थोरली धाकटीकडं वळली. माफी मागायची तिला सवय नव्हती, शब्द तोंडातून कपड्यात अडकलेल्या सुईसारखे निघाले. "चुकलं माझं. तुझ्या देखत सांगते, यांच्याही देखत. चुकलं."

धाकटीनं मान हलवली. क्षमा केली की नुसतं ऐकलं, कळायला मार्ग नव्हता. मग ती व्यवस्थापकापुढं जाऊन उभी राहिली.

"साहेब, ताईंचा शब्द सोडा. माझं ऐका. तो डाग नाही."

"मग काय, नक्षी आहे?"

"बोट फिरवा."

"मी?"

"धुतलेलं आहे. मी रोज फिरवते."

मुलींच्या देखत नाही म्हणणं त्याला जड गेलं. त्यानं एका बोटाचं टोक टेकवलं.

"खरखरीत लागतं ना? बाकीची भांडी गुळगुळीत आहेत. इथली झिलई गेलीय. हे टोकाचं भांडं, इथं सगळ्यांत जास्त अ‍ॅसिड ओतलं गेलं. मीच ओतलं, अकरा वर्षं. त्यानं भांडंच खाल्लं. आता रंग आत मुरलाय. हा कशानंही निघणार नाही."

"अ‍ॅसिडनं निघेल."

"आणा. निघाला तर मी आत्ता जाते. पण ओतायचं तुम्ही. मला डॉक्टरांनी मनाई केलीय."

व्यवस्थापक मागं बघतो, पुढं बघतो. शेवटी त्यानं कोठारातून बाटली आणवली. धाकटीनं स्वतःचे रबरी मोजे काढून त्याला दिले, खिडकी सताड उघडली, मुलींना लांब सारलं आणि आपण थोरलीला घेऊन पार अंगणाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. "दार लावू नका," ती तिथून म्हणाली. "आणि वाकून श्वास घेऊ नका."

सवय वाईट असते. तो वाकला आणि त्यानं श्वास घेतला.

आतून आधी खोकला ऐकू आला, मग बाटली टेकल्याचा आवाज, मग साहेब. डोळ्यांतून धारा, नाक लाल, मोजे घातलेले दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, जणू हात दुसऱ्याचेच आहेत. एका चष्मेवाल्या मुलीनं त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं.

"रोज..." त्याला पुढं बोलवेना. "रोज हे ओतायचीस तू?"

"बारा वेळा," धाकटी दारातूनच म्हणाली.

पंधरा मिनिटांनी त्या मुलीनंच तोंडाला ओढणी बांधून बादल्यांनी पाणी मारलं आणि आत डोकावली. "आहेत सर. ठिपके तसेच आहेत."

व्यवस्थापक बराच वेळ रुमालात नाक खुपसून बसला. थोरलीच्या जिभेवर तोवर निदान सतरा वाक्यं येऊन गेली होती, एकाहून एक झणझणीत. धाकटीनं तिचं मनगट धरून ठेवलं होतं, म्हणून ती वाक्यं जगाला मुकली.

"भांडं बदलायला लागेल," शेवटी रुमालातून आवाज आला. "आणि काय काय लागेल ते लिहून दे. अ‍ॅसिडचं... बंद करू."

"म्हणजे मी कामावर आहे?"

"आहेस म्हणून तर लिहून माग ना."

कचेरीत धाकटीनं कागद थोरलीपुढं सरकवला. तिचं अक्षर बरं नव्हतं, थोरलीचं ठसठशीत होतं. "मी सांगते, तू लिही. लिंबाचं सत्त्व. साधा साबण. सोडा, वेगळ्या डब्यात. लांब दांड्याचे ब्रश, सहा. रबरी मोजे, लांब हाताचे. तळमजल्याला एक भांडं."

थोरली लिहीत होती. धाकटीचं सांगून झालं तरी तिचा हात थांबला नाही. धाकटीनं मान तिरकी करून वाचलं.

"'जाहीर इशारा'? हे काय?"

"अगं, दोनच ओळी. सगळ्या वसतिगृहांना उद्देशून..."

"खोड."

"पण नेमकं मुद्द्याचं..."

"ताई, खोड."

थोरलीनं खोडलं. इतक्या जोरानं की तिथं कागद फाटला. धाकटीनं तो बोटांनी सपाट केला, फाटलेली जागा सोडून त्याखाली स्वतःची सही केली, आणि यादी साहेबांच्या हातात दिली.